चंद्राआत्याची तीन नवी वर्षं

आमच्या चंद्राआत्याला वर्षातून तीनदा नवं वर्ष लागायचं. एक चैत्रातला पाडवा, दुसरा दिवाळीतला, आणि शाळामास्तरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बदललं की तिसरं. तिन्ही दिवशी ती सकाळी अंगणात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगायची, "नवं साल, नवं आंग. आजपासून मी हलकी होनार बगा." मग घरात येऊन मला विचारायची, "काय गो, भाकर झाली का?"

ही आत्या माझ्या नवऱ्याची. तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरातच गेला, तेव्हा ती माहेरी परत आली ती कायमची. आमचं गाव किन्हवलीपासून घटकाभर चालीवर. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. धाकट्या दिराला, म्हणजे दामूभावजींना, जन्म देऊन त्या गेल्या होत्या, आणि भावजींना आत्यानंच लहानाचं मोठं केलं होतं.

अंगानं आत्या भरपूर. म्हणजे किती, तर बैलगाडीत मागच्या बाजूला बसली की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं आणि बैल बिचारे माना ताणून आभाळ बघायचे. म्हणून गाडीवान तिला पुढं, आपल्या शेजारी बसवायचा, आणि ती सगळ्यांना सांगायची की मला मानानं पुढं बसवतात. दिवसभर लावणीत वाकायची, डोक्यावर भारे वाहायची, तरी अंग काही हटायचं नाही. त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. नवस बोलेपर्यंत.

झालं असं, की लढाई सुरू होती आणि दामूभावजींनी घरात कोणाला न विचारता पलटणीत नाव दिलं, लॉरी चालवायला. आत्यानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. जायच्या दिवशी मात्र आसनगावच्या स्टेशनापर्यंत त्यांच्या मागून चालत गेली, आणि एक अक्षर न बोलता परत आली. पुढं चैत्रात गावदेवीची जत्रा आली. सगळा गाव देवळासमोर जमलेला असताना आत्या पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, माझा दामू लढाईतनं सुकरूप घरी येऊ दे. माझ्या वजनाचा गूळ तुझ्या दारात वाटीन."

मग सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. पायापासून वर, सावकाश.

आमचा गुरव म्हातारा आणि तोंडाळ. तो म्हणाला, "चंद्रे, बोलायच्या आधी जरा सोताकडं बगायचं होतंस. लढाईचे दिवस. चहात घालायला गूळ नाय, नी तू गाडीभर बोल्लीस."

त्याचं खोटं नव्हतं. त्या दिवसांत मुरबाडच्या बाजारात गुळाची ढेप दिसली तर माणसं हातातली कामं सोडून भोवती गोळा व्हायची. घरी येताना आत्या ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "काय गो, मी वजन बोल्ली. पन कुठल्या दिवसाचं वजन, ते नाय बोल्ली."

"म्हणजे काय, आत्या?"

"म्हंजे दामू येईस्तोवर मी हलकी झाली तर?"

इथून आमच्या घरातल्या गोंधळाला सुरुवात झाली.

पहिला नेम तिनं दिवाळीच्या पाडव्याला धरला. एकदाच जेवायचं. दुपारी भात जेवली, आणि संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसली. मी म्हटलं, "आत्या, नेम?" तर म्हणे, "जेवन म्हंजे भात. भाकर ही न्याहारी." सकाळची पेज? "पेज म्हंजे पानीच की गो." या हिशेबानं ती खरोखर एकदाच जेवत होती, बाकी वेळ नुसतं खात होती.

चैत्राच्या पाडव्याला आपण कडुलिंबाचं पान तोंडात टाकतो. तिला कोणी सांगितलं की कडू खाल्लं की अंग झडतं, म्हणून ती रोज ओंजळभर पाला चघळायला लागली. त्यानं तिची भूक अशी उघडली की मला पीठ पुरेना. शिवाय रोज सकाळी गावामागचा डोंगर चढायचा नेम केला. चढायची ती रिकाम्या पोटी, ते खरं. पण उतरताना वाटेत करवंदं, जांभळं. घरी यायची ती तोंड जांभळं करून. "रानातलं मोजायचं नसतं," म्हणायची.

तिसरं नवं वर्ष तिला मास्तरांकडे सापडलं. भावजींची पत्रं वाचायला आम्ही त्यांच्याकडे जायचो. एकदा गेलो तर ते कॅलेंडर बदलत होते. आत्यानं चौकशी केली. मास्तर म्हणाले, "आत्याबाई, हे वर्ष साहेबाचं. तुमचा काय संबंध?"

"माझा दामू साहेबाच्या पलटनीत हाय. त्याला जे साल लागू, तेच मला लागू."

मास्तरांनी नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं आणि तिला तारीख वाचून दाखवली.

त्या वर्षापासून ती कवायत करायला लागली. भावजी एकदा सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांनी खळ्यात करून दाखवली होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती रोज खळ्यात उभी राहायची आणि "लेफ, रैट" करत पाय आपटायची. शेजारची ठकी कुडावरून विचारायची, "आत्या, जपानावर चाल्लीस काय गो?"

"तूच जा. तुजं तोंड बगून पळतील."

पण गोंधळ इथंच संपत नव्हता. भावजींचं पत्र वेळेवर आलं की आत्याला हुरूप यायचा, दामू आता येणार, लवकर हलकं व्हायला हवं. पत्र लांबलं की ती घाबरायची. मला एका बाजूला घेऊन म्हणायची, "देवीला कळलं गो, मी आंग चोरते ते. ती बोलंल, तू मला फसवतेस तर मी पन तुला..." ताटात आणखी भात वाढून घ्यायची आणि मान खाली घालून जेवायची, आवडीनं नव्हे, औषध घ्यावं तशी. मग पत्र यायचं, आणि पुन्हा डोंगर. मी परातीत पीठ घेऊन रोज विचारायची, "आत्या, भाकऱ्या किती थापू?"

"थांब जरा. आज मी हलकी का भारी, ते अजून ठरलं नाय."

मग एका पावसाळ्यात पत्रं बंद झाली. लावणी झाली, कापणी झाली, टपालवाला आमच्या आळीत वळायचा बंद झाला. दिवाळीच्या पाडव्याला अंगणात कोणी काही बोललं नाही. आत्या ताटावर बसायची, भात चिवडायची आणि ताट कुत्र्यापुढं ठेवायची. मी भाकऱ्या किती थापू, हे विचारायचं सोडलं. पौषात मास्तर आपण होऊन आमच्याकडे आले. ओटीवर बसून म्हणाले, "आत्याबाई, नवं साल लागलं हां."

"लागू दे," एवढंच म्हणाली.

वाट बघण्यातच आणखी एक वर्ष गेलं. एकदा किन्हवलीला जाताना ती गाडीत मागं बसली. गाडी उलाळ झाली नाही. गाडीवानानं वळून माझ्याकडे बघितलं आणि बैलांना हाकलं.

लढाई संपल्यावर, थंडीच्या दिवसांत, भावजी आले. आसनगावाहून चालत आले आणि ओटीवर येऊन बसले. तापानं पिवळे पडलेले, गालफडं बसलेली. आत्या बाहेर आली, त्यांच्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "हे काय आनलंस? नुसती हाडं?" मग चुलीकडे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चैत्रात जत्रा आली आणि नवस फेडायचा ठरला. माझ्या भावानं घाटावरून ढेपी आणल्या, आळीतल्या प्रत्येक घरानं आपापल्या मडक्यातला गूळ काढून दिला. भाताच्या वखारीतला मोठा काटा देवळासमोरच्या चिंचेच्या फांदीला टांगला. आत्या आली तेव्हा गुरव तिच्याकडे बघून हळहळला. "चंद्रे, पार वाळलीस गो. पोरांच्या वाटनीचा गूळ कमी झाला."

आत्या पारड्यात बसली. समोर ढेपी चढायला लागल्या. थोडक्यात भागेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण काटा जागचा हलेना. आणखी ढेप. आणखी. मग मडक्यांतला चुरा. गुरव वाकून एकदा हे पारडं बघे, एकदा ते.

"हे काय गौडबंगाल? दिसतेस काटकी, नी वजन म्हशीचं?"

"माजी हाडं जड हायत," आत्या देवीकडे तोंड करूनच म्हणाली.

शेवटी काटा बरोबर झाला. माणसांनी गजर केला, पोरं गुळाकडे धावली. आत्याला उतरवायला एका बाजूनं भावजी आले, एका बाजूनं मी. मी तिच्या कमरेत हात घातला, तर हाताला गार, टणक काहीतरी लागलं. लुगड्याच्या ओच्यात आमच्या पाट्यावरचा वरवंटा फडक्यानं बांधलेला होता, आणि त्याच्या आजूबाजूला ओढ्यातले गोटे, दाबून दाबून भरलेले.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ न हलवता ती पुटपुटली, "गप ऱ्हा गो. तिनं पोर अख्खं दिलं. मी अर्धी कशी बसू?"

"काय झालं, आत्या?" पलीकडून भावजींनी विचारलं.

"काय नाय रे. पाय वळला."

मी तिचा पदर ओच्यावरून नीट ओढून घेतला, आणि तिला सावकाश खाली उतरवलं.