कालवणातल्या शेवया

“माशाच्या कालवणाबद्दल एक अक्षर जरी बोललो, तरी नावाचा देझो नाही! तोंडाला कुलूप!”

हंगेरीतल्या सेगेदहून निघताना देझोने असं ठणकावून सांगितलं, तेव्हा बायकोने, पिरोश्काने, नुसती भुवई उडवली. याच विषयावरून त्याने सख्ख्या साडूशी दोन वर्षं अबोला धरला होता! आज तर पोरीच्या लग्नाची बोलणी, आणि मुलगा बॉयॉ गावचा. बॉयॉची माणसं माशाच्या कालवणात चक्क शेवया घालतात. सेगेदच्या माणसाच्या लेखी याहून मोठं पाप नाही. कालवण कसं, गाळून दाट केलेलं आणि पावाशी खायचं, बस्स!

“बाबा, आज तुम्ही तोंड उघडलंत की माझं लग्न मोडलंच म्हणून समजा,” बोर्का काकुळतीला येऊन म्हणाली.

“अगं, तुझ्यासाठी शेवयाच काय, बुटाच्या नाड्याही खाईन!”

डॅन्यूबकाठच्या खानावळीत व्याही वेंदेल दारातच उभे होते. टेबलावर वाफाळती कढई आली. वेंदेलनी स्वतः देझोच्या ताटलीत शेवयांचा डोंगर रचला आणि वर लालभडक रस्सा ओतला.

“काय व्याही, कसं काय आमचं कालवण?”

देझोच्या जिभेवर चौदा उत्तरं रांगेत उभी राहिली. त्याने घाईघाईने चमचा तोंडात कोंबला. भरल्या तोंडाने बोलू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं!

“हे काहीच बोलत नाहीत हो,” विहीणबाई नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या. “मुलगा पसंत नाही वाटतं यांना.”

ते ऐकून बोर्काचे डोळे भरून आले. आपण खूश आहोत हे दाखवायला देझो दुप्पट वेगाने खाऊ लागला. ताटली रिकामी झाली, वेंदेलनी भरली. पुन्हा रिकामी, पुन्हा भरली!

“खरं सांगा, सेगेदला मिळतं का असं?”

हा घाव वर्मी बसला! कुलूप तुटणार, इतक्यात देझोने शेजारच्या बशीतली अख्खी तिखट मिरची उचलून तोंडात टाकली. क्षणात नाक, कान, डोळे सगळीकडून पूर आला.

“अगं बघ, बघ!” वेंदेल खुर्चीवरून उठलेच. “आपलं कालवण खाऊन सेगेदचा माणूस रडतोय! ठरलं! लग्नात दीडशे पाहुण्यांना हेच वाढायचं, आणि कढईपाशी मानाने उभे राहणार आमचे देझो व्याही!”

देझोने मान हलवली. दुसरं काही हलवण्याच्या स्थितीत तो नव्हताच. बोर्काने धावत येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा मात्र मिरचीशिवायच त्याचे डोळे पाणावले.

परतताना गाडी पिरोश्का चालवत होती. देझो छाती फुगवून म्हणाला, “बघितलंस? पोरीसाठी तीन ताटल्या विष पचवलं, पण एक अक्षर काढलं नाही!”

“चार.”

“काय चार?”

“ताटल्या. आम्ही सगळे नदीकाठी फोटो काढायला गेलो, तेव्हाची चौथी. आणि बोललातही. मी खिडकीतून ऐकलं. वाढणाऱ्याला म्हणालात, ‘शेवया जरा जास्त घाल रे!’”

सेगेद येईपर्यंत देझोने तोंडाचं कुलूप काढलं नाही.