केबिनमधली पिओनी

हा आदेश ज्यानं काढला, त्यानं प्रेमदासच्या पोटावर पाय दिला आणि वर फुलाचं निमित्त केलं. हे सरळ सांगायला हवं, कारण कागदात त्याला 'पुनर्रचना' म्हटलंय.

देवळीच्या एका कार्यालयात प्रेमदास कंत्राटी माळी. दर अकरा महिन्यांनी मुदतवाढीसाठी हात जोडायचे. नोव्हेंबरात साहेबांनी त्याच्या हातावर दोन गड्डे ठेवले.

"पिओनी आहे. थंड मुलखातलं फूल. मार्चमध्ये वरचे साहेब तपासणीला येतील, तेव्हा कुंडीत फुललेलं दिसलं पाहिजे. मग तुझी मुदतवाढ पक्की."

"साहेब, मार्चात इथं माणूस वाळते."

"ते तू बघ."

प्रेमदासनं मोबाइलवर बघितलं. रुंद कुंड्या, तळाशी विटांचे तुकडे, गड्ड्याचे डोळे मातीत दोनच बोटं खाली. खोल गेले तर नुसती पानं. आणि फुलेपर्यंत थंडी, पहिले दोन महिने तर कडाक्याची. ती देवळीत एकाच जागी होती, साहेबांच्या केबिनमध्ये.

कुंड्या आत गेल्या. एसी सोळावर. दिवसातून चारदा कुंड्यांवर बर्फाचा चुरा. आठवड्यात साहेबांचं नाक गळायला लागलं आणि त्यांनी टेबल व्हरांड्यात काढलं. घोटाळा इथंच झाला. साहेब लोकांना दिसायला लागले. शिपायाला 'मीटिंग चालू आहे' म्हणायला दारच उरलं नाही.

"चार वर्षं या बाकावर बसून राह्यलो," एका सहीसाठी खेटे घालणारे महादेवराव म्हणाले, "आज तुम्हीच शेजारी आले. करा सही."

साहेबांनी केली. पळणार कुठं?

"प्रेमदासभाऊ," कारकून नंदिनी म्हणाली, "फूल जरा लेट येऊ देजा. फायली निपटून राह्यल्या."

"लेट आलं तं मी निपटतो, ताई."

मार्चात फूल आलं. गुलाबी, बशीएवढं. वरचे साहेब हरखले. "देवळीत पिओनी? कसं जमवलं?"

"योग्य नियोजन, सर," साहेब म्हणाले. मग दाराकडे वळले. "प्रेमदास, बादली घेऊन बाजूला हो. फोटोत येते."

आठव्या दिवशी 'पुनर्रचने'चा कागद आला. पिओनीच्या कुंड्या कायमस्वरूपी केबिनमध्ये राहतील. आवारातली बाग पूर्णपणे वाळली आहे. सबब, माळ्याची आवश्यकता उरत नाही.

एसी पंचवीसवर आला आणि साहेबांचं टेबल आत गेलं. बाक पुन्हा भरला. शिपाई दाराशी स्टूल टाकून बसला.

"मीटिंग चालू आहे," तो म्हणाला.

"फुलासंग?" प्रेमदासनं विचारलं आणि दार ढकललं.

साहेबांनी मान वर केली नाही. "अर्ज आवक-जावकला दे."

"अर्ज नाई, साहेब. बाग काऊन वाळली, ते मी सांगतो. चार महिने तुमच्या हुकमानं बर्फ फोडत होतो. आता फूल आलं, तं मले काऊन काढलं, ते तुम्ही सांगा. तोंडी नाई, लेखी. लिवा, मी उभा आहो."