अच्युतरावांचा भोंडला

कॅलक्युलेटरमध्ये राहायला गेलेलं माणूस तुमच्या ओळखीत आहे का? कासारखेडच्या पाणीपुरवठा कचेरीत असं एक होतं. शरयूबाईंचे यजमान अच्युतराव निवृत्त झाल्यावर तिथल्या जुन्या मशीनमध्ये राहायला गेले होते.

मशीन म्हणजे टाइपरायटरएवढं धूड. त्याच्या पोटात वेटोळं करून ठेवलेली एक लांब तार होती. त्या काळी आकडे लक्षात ठेवायची ती सोय. आकडा थरथर होऊन तारेच्या एका टोकातून शिरायचा, दुसऱ्या टोकातून बाहेर पडायचा आणि मशीन त्याला लगेच पुन्हा आत पाठवायचं. फिरत होता तोवर तो लक्षात होता. थांबला की गेला. अच्युतरावही तसेच फिरत. शरयूबाई त्याच कचेरीत कारकून होत्या. दुपारचा डबा खाऊन झाला की त्या झाकणाला कान लावून विचारत, "अहो, बरे आहात ना?"

आतून बारीक आवाज येई, "फिरतोय."

नवरात्रात एका सकाळी साहेबांनी शरयूबाईंना केबिनमध्ये बोलावलं. "उद्या लाइनचं काम आहे. दुपारी वीज बंद राहील."

"मग ह्यांचं काय, साहेब?"

"अशा रहिवाशांसाठी वेगळी तरतूद नाही." साहेबांचाही चेहरा उतरला होता. "माझ्या इन्व्हर्टरवर ते मशीन चालायचं नाही. वायरमनला विचारून घेतलं मी."

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बायकांचा भोंडला होता आणि खिरापतीची पाळी शरयूबाईंची होती. संध्याकाळी घरी त्या डाळ वाटत बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, हात आपला गोल गोल फिरत होता. मध्येच तो थांबला. भोंडल्यात तरी दुसरं काय असतं, फेरच की.

दुपारी बायकांनी पाटावर हत्तीच्या चित्राऐवजी मशीन ठेवलं.

"ह्यांना डाव्या हाताने घ्यायचं, उजव्या हाताने पुढे द्यायचं," शरयूबाईंनी समजावलं. "आणि हात सुटलेच, तर जिच्याकडे हे असतील तिने काहीतरी बोलायचं. म्हणजे ते शेजारणीकडे जातील."

"मला घरचाच धड धरून ठेवता येत नाही," साबळेबाई म्हणाल्या, "आता तुमचा धरते."

"धरायचा नाहीये, बाई," नलिनी म्हणाली. "सोडायचाच आहे."

शरयूबाईंनी एक हात मशीनवर ठेवला. पंखे बंद पडले. हाताला मुंग्या आल्या, खांद्यातून गेल्या आणि पलीकडच्या हातातून नलिनीकडे निघून गेल्या. शरयूबाईंनी मशीनवरचा हात काढून साबळेबाईंचा धरला. फेर सुरू झाला.

ठरलेली गाणी संपली. वीज आली नाही. मग बायका कचेरीवरच गाणी रचू लागल्या. 'अर्ज आला गं, अर्ज गेला, शिक्का कुणी गं पळवून नेला.' केबिनचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. घसे बसत चालले. शेवटी एक गाणं संपलं, पुढचं कुणाला सुचेना आणि सवयीने घात केला. गाणी संपली की खिरापत, हे लहानपणापासूनचं. सगळ्या हात सोडून डब्याकडे वळल्या.

"कुणाकडे आहेत?" शरयूबाई किंचाळल्या.

साबळेबाई ताठ उभ्या होत्या. डोळे विस्फारलेले, हात कोपरापर्यंत थरथरत होते.

"बोला! खिरापत ओळखा!"

"कर... करंजी?"

साबळेबाईंचे हात शांत झाले. डब्याकडे वळताना शेजारी आलेली नलिनी दचकली.

"नाही," शरयूबाई म्हणाल्या. "पुढे."

"शंकरपाळे?"

"नाही. पुढे."

फेर आता तोंडाने चालू लागला. पण ओळखलं की भोंडला संपतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि फोडणीचा वास तर खोलीभर सुटला होता. विचार करायला वेळ नव्हता. वृंदाच्या तोंडून निघूनच गेलं, "वाटली डाळ!"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. खिरापतीच्या बाबतीत खोटं बोललेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"नाही," शरयूबाई म्हणाल्या. "पुढे."

"अहो, वास येतोय की," साबळेबाई पुटपुटल्या.

"नाही म्हटलं ना. पुढे."

मग बायकांना कळलं. शिरा, चिरोटे, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. खाण्याचे पदार्थ संपल्यावर साबण झाला, झाडू झाला, तोटीचा वायसर झाला. प्रत्येकीला शरयूबाई तितक्याच गंभीरपणे "नाही" म्हणत होत्या. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती.

पंखे फिरू लागले तेव्हा पाळी नलिनीची होती. ती धावत जाऊन पाटाशी गुडघ्यांवर बसली आणि झाकणाला तोंड लावून म्हणाली, "पाण्याचा टँकर?"

मशीनचे नारिंगी आकडे उजळले. शरयूबाईंनी कान लावला.

"फिरतोय," आतून आवाज आला. थोडी धाप लागलेली होती.

मग डबा उघडला. एक वाटी साहेबांनाही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूबाई कामावर आल्या आणि पिशवी ठेवून त्यांनी झाकणाला कान लावला.

"वाटली डाळ?" अच्युतरावांनी विचारलं.

"नाही," शरयूबाई म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.