पुढच्या सीटवरचं सार

दर रविवारी सकाळी कुसुमक्का साराच्या पातेल्याला सीटबेल्ट लावतात. पातेलं काठोकाठ भरलेलं, वर झाकण नाही, खाली जुना टॉवेल, आणि जागा थेट पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची. मी मागे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यामुळे पुढच्या सीटवर माझा हक्क नाही, हे मला पहिल्याच रविवारी सांगण्यात आलं.

"कोल्हापूरकर, तुम्ही मागून सारावर नजर ठेवा. सांडलं की सांगायचं. खोटं नको हं."

मग ती म्हातारी पांढरी गाडी म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधून निघते आणि चामुंडीच्या डोंगराला लागते. वळण आलं की मी म्हणतो, "सांडलं." कुसुमक्का वरपर्यंत जातात, खाली येतात, गाडी फिरवतात आणि म्हणतात, "अजून एक बुडी!" हा त्यांच्या माहेरचा शब्द. तिथे अग्रहार पेठेत त्यांचे आजे कापड रंगवायचे. रंग मनासारखा चढला नाही की कापड पुन्हा हंड्यात. हंडे कधीच मोडीत गेले, बुडी तेवढी बाईंच्या तोंडात राहिली. माझी म्हैसूरला बदली करणाऱ्या साहेबाचा उद्धार मी साधारण तिसऱ्या बुडीला करतो.

आता हे सगळं कशासाठी, तर बाईंना लेहला जायचंय. म्हैसूरहून, याच गाडीनं, स्वतः चालवत. वय सत्तरीच्या पुढे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला.

"तीस वर्षं पोरांकडून खिंडी पाठ करून घेतल्या. आल्या नाहीत तर बाकावर उभं केलं. आणि मी स्वतः एक बघितली नाही. हे फसवणं झालं, अल्वा?"

अल्वा म्हणजे 'नाही का'. पण त्याला उत्तर द्यायचं नसतं.

जेवणाच्या टेबलामागे भिंतभर नकाशा आहे आणि खिंडींबद्दल बाई वर्गातल्या पोरांसारखं बोलतात. "रोहतांग गरीब आहे हो, सांगितलेलं ऐकतो. बारालाचा-ला मात्र वांड. दुपारनंतर त्याच्या वाटेला जायचं नाही, बर्फ वितळून ओढे रस्त्यावर येतात." डिसेंबरात सगळं म्हैसूर कानटोप्या घालून कुडकुडत असतं, तेव्हा बाई पहाटे गार पाण्यानं आंघोळ करतात आणि ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात करतात. डॉक्टरांनी "या वयात" एवढंच म्हटलं, तर म्हणाल्या, "माझं वय काढू नकोस. नववीत तुला गंगा कुठे उगम पावते ते येत नव्हतं, तरी मी पास केलंय."

त्यांचा मुलगा प्रकाश बेंगळुरूला असतो. यजमान गेल्यावर गाडीचे कागद त्याच्या नावावर झाले. त्याचा फोन आला की बाई स्पीकर लावतात, म्हणजे भांडण सगळ्यांना नीट ऐकू येतं.

"अम्मा, विमानानं जा ना. तिथे टॅक्सी कर."

"टॅक्सीवाला त्याच्या घाईनं वळणं घेणार. नको."

"मग काय झालं?"

"साकु! पुरे. मीच चालवणार."

शेवटी प्रकाशनं हुकमाचा पत्ता टाकला. "आणि आत्याला कुठे ठेवणार?" तेव्हा मात्र बाईंनी नकाशाकडे पाठ फिरवली. प्रकाश म्हणाला, "रविवारी येतो आणि गाडी इकडे घेऊन जातो. विषय संपला."

आत्या म्हणजे इंदूताई, कुसुमक्कांची धाकटी नणंद. लग्न केलं नाही, इथेच राहिली. या दोघींचं एकमेकींशी एक धड वाक्य मी ऐकलेलं नाही. मीठ जास्त, दिवा चालू, दूध उतू गेलं, सगळ्यावर वाजतं. इंदूताईंना गाडी लागते. लहानपणी घाटात, बसमध्ये त्यांनी कुणा मामींच्या जरीच्या साडीवर उलटी केली. ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगितली जाते आणि लोक अजून प्रत्येक लग्नात हसतात. तेव्हापासून उटी असो, मडिकेरी असो, सगळे जातात आणि इंदूताई घर राखतात. किल्ल्यांचा जुडगा कायम त्यांच्या कमरेला. चामुंडीला त्या जातात, पण पायऱ्यांनी. पायांनी उलटी होत नाही म्हणतात.

रविवारी दुपारी उरलेलं सार जेवणात असे. इंदूताई पातेल्यात डोकावून म्हणत, "आज निम्मं डोंगरावरच्या नंदीलाच पाजलं वाटतं." पुढे पुढे सार जास्त उरू लागलं. एका रविवारी पातेलं जसंच्या तसं परत आलं. इंदूताईंनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच टोमणा न मारता वाढायला घेतलं.

पुढचा रविवार प्रकाशच्या येण्याचा. मी खाली आलो तर कुसुमक्कांनी पातेलं माझ्याच हातात दिलं. "हे घेऊन मागे बसा." आणि त्या नणंदेच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"इंदू, चप्पल घाल."

"कुठे?"

"चामुंडी बेट्टावर. रस्त्यानं."

"वेड लागलंय का वहिनी? मला होतं म्हणून माहीत आहे ना?"

"होऊ दे. पिशवी ठेवलीय. ऊठ!"

इंदूताई पुढे बसल्या. डोळे घट्ट मिटलेले, एका मुठीत पदर, दुसरीत पिशवी. गाडी इतकी हळू चढत होती की मागचा बसवाला हॉर्न बडवून बडवून दमला. कुसुमक्कांनी खिडकीतून डोकं काढलं. "होगो, पुढे हो! रस्ता काय तुझ्या आजोबांचा?" मग लगेच मला, "सार?"

"जागेवर," मी म्हणालो.

पुढचं वळण. "सार?" "जागेवर." आणखी एक. "सार?" "जागेवर."

इंदूताईंनी डोळे उघडले. मान वळवून आधी माझ्या मांडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, मग अंगावरच्या पट्ट्याकडे.

"वहिनी, इतके रविवार ते पातेलं इथे माझ्या जागी होतं?"

"मग तुला बसवून शिकायला हवं होतं? सीट धुऊन धुऊन कंबर गेली असती माझी."

त्या समोर बघूनच बोलत होत्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "लग्न होऊन आले आणि आम्ही दोघं उटीला निघालो, तेव्हा तू दारात उभी राहून टाटा केलास. नंतर प्रत्येक वेळी तेच. मी गाडीत, तू दारात. मला कधी म्हणजे कधी आवडलं नाही ते. पण तेव्हा मला कोण विचारत होतं?"

मी पातेल्याकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

थोड्या वेळानं इंदूताई म्हणाल्या, "जरा थांबव." कुसुमक्कांनी घाबरून गाडी कडेला घेतली आणि पिशवी उघडून धरली. इंदूताईंनी ती बाजूला सारली. खाली सगळं म्हैसूर पसरलं होतं.

"पोटात काही होत नाही गं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "भूक लागलीय फक्त."

"त्या खिंडी याच्यापेक्षा उंच?" खाली बघतच इंदूताईंनी विचारलं.

"पुष्कळ उंच."

"मग वाटेत लोकरीचं काहीतरी घ्यायला लागेल."

घरी आलो तर फाटकात प्रकाश उभा. आत्याला पुढच्या सीटवर बघून तो बोलायचंच विसरला, पण गाडीच्या किल्लीसाठी हात त्यानं पुढे केला होता. कुसुमक्कांनी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. इंदूताईंनी काच खाली घेतली, कमरेचा जुडगा सोडवला आणि त्या पुढे केलेल्या हातावर ठेवला.

"कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल," त्या म्हणाल्या. "या वेळी घर तू राख."