आडवे त्यांचे, उभे तिचे

“नीट जा रे बाबा. मागं एकदा बिजागरी ढिली करून आलास. आणि पोचलास की आधी चार्जिंगला लागायचं, कळलं?”

लिफ्टमध्ये दोनच माणसं होती आणि नमिताशी तर कुणी बोलत नव्हतं. तिनं मोबाइलमधून मान वर केली. वरच्या मजल्यावरचे तळवडेकर काका पोटाशी धरलेल्या स्टीलच्या डब्याला दम देत होते.

“काका, मलाच द्यायचाय ना तो?”

“अं? हो, तुलाच. म्हणजे तुझ्या धनेशला. निघतोय ना पुण्याला?”

“उद्या पहाटे. आज गावातल्या घरी आईंकडे झोपेल, तिथूनच जाईल.”

“डबा सरळ ठेवायला सांग हां त्याला.”

“काका, गोल डबा आहे तो.”

“तरी.”

डब्यात खायचं काही नव्हतं. जुन्या नॅपकिनात गुंडाळलेला एक गेम होता. पुस्तकासारखा उघडणारा, वर एक पडदा, खाली एक पडदा. काकांच्या मुलीनं, मनालीनं, नोकरीच्या पहिल्या पगारात घेतलेला आणि लग्न झाल्यावर घणसोलीलाच टाकून गेलेला. त्यात इंग्रजी शब्दकोड्यांचं एक कार्ड होतं. काका, म्हणजे श्यामसुंदरराव, कंपनीतून रिटायर झाले तेव्हा ते आणि त्यांची बायको जयमालाबाई रोज संध्याकाळी गॅलरीत बसून ही कोडी सोडवू लागले आणि पहिल्याच आठवड्यात भांडले. बाई विचार करत असताना हे उत्तर भरून मोकळे होत. शेवटी तह झाला. आडवे शब्द ह्यांचे, उभे बाईंचे. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. पडद्यावर लिहायची काडी कधीच हरवली होती. तिच्या जागी बाईंच्या शेपटीवाल्या कंगव्याची शेपटी चाले.

मग पुण्याला मनालीला मुलगा झाला. जयमालाबाई तीन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडं गेल्या. तो मुलगा, पार्थ, आता चालत होता, बोलत होता आणि आजीला उलट उत्तरंही देत होता, पण ते तीन महिने काही संपले नव्हते. मनाली फोनवर म्हणे, “आई आहे म्हणून मी ऑफिसला तरी जाऊ शकते.” बाई म्हणत, “पार्थला माझी सवय झालीय.” श्यामसुंदरराव म्हणत, “माझं काय, मस्त चाललंय.” “परत कधी?” हे दोन शब्द मात्र तिघंही पायात आलेल्या मांजरासारखे ओलांडून जात.

तर कोडं प्रवास करू लागलं. ह्यांनी आडवे भरायचे, पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. बाईंनी उभे भरून उलट धाडायचं. मनाली म्हणाली, “बाबा, फोनवर फ्री ॲप आहेत.” ते म्हणाले, “त्यात जाहिराती येतात.” प्लास्टिकच्या पिशवीतून एकदा बिजागरी दुखावून आल्यापासून गेम डब्यातून जाई, सोबत चार्जरची वायर आणि कंगवा.

आता ह्या डब्याविषयी. धनेशचं लग्न झालं तेव्हा त्याच्या आईनं, शेवंताबाईंनी, आलेल्या प्रत्येक माणसाला एकेक स्टीलचा डबा दिला होता. झाकणावर कोरलेलं, ‘धनेश-नमिता, विवाहाप्रीत्यर्थ’. लग्नाला अख्खं घणसोली गाव, शेवंताबाईंचं माहेर असलेलं जासई आणि नमिताची सगळी बिल्डिंग जेवली होती. त्यामुळे खाडीच्या अल्याडपल्याड ज्या घरात पीठ होतं, त्या घरात ते ह्याच डब्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनालीचा फोन आला.

“बाबा, डब्यात काय पाठवलंत तुम्ही?”

“नेहमीचंच. का?”

“सुकट आहे! जवळ्याची चटणी! सासूबाईंनी आज सत्यनारायण घातलाय, आईनं कौतुकानं सगळ्यांसमोर झाकण उघडलं. भटजी उठून गॅलरीत गेलेत.”

“आणि गेम?”

“बाबा, मी भटजींचं सांगतेय.”

“आई काय म्हणाली?”

“काहीच नाही. चटणीकडं बघत बसली नि मग आत निघून गेली.”

श्यामसुंदररावांनी फोन ठेवला आणि चप्पल न घालताच नमिताची बेल वाजवली. नमिता घरून काम करत होती. तिनं धनेशला फोन लावून स्पीकरवर टाकला. धनेश म्हणाला, “मी आईच्या ओट्यावरचा डबा उचलला. आपलंच नाव होतं ना त्याच्यावर!”

“तिथल्या सगळ्याच डब्यांवर तुझं नाव आहे,” नमिता म्हणाली.

“मग माझी काय चूक?”

नमितानं लॅपटॉप मिटला, काकांना त्यांची चप्पल आणून दिली आणि गाडी काढली.

घणसोली गावातली गल्ली इतकी अरुंद की शेवंताबाई ओट्यावर आणि समोरची भाडेकरीण आपल्या दारात, दोघी एकाच परातीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून शेवंताबाई उठल्या.

“आवं भाऊ, घाबरताव कनाला? हितंच आसंल. घरातला डबा जातंय कुठं?”

त्यांनी फळीवरचे डबे एकेक करून खाली घेतले. तांदळाचं पीठ. आमसुलं. खिळे. पुन्हा तांदळाचं पीठ. एकात बिनकामाच्या चाव्या. प्रत्येक झाकणाला श्यामसुंदरराव श्वास रोखत आणि प्रत्येक झाकणावर धनेश-नमिताचा विवाह नव्यानं होई.

“अगो बाय,” शेवंताबाईंनी एकदम कपाळाला हात लावला. “सकालचे माझा भाऊस येऊन गेला, वामन. त्याचेसाठी सुकट करून ठेवलेली. तो तुमचा डबा घेऊन गेला जासईला!”

“आई, फोन करा ना मामांना.”

“केला आसता. त्याचा फोन ह्यो बग, चार्जिंगला हितंच राहिलाय.”

मग तिघंही निघाली. शेवंताबाईंनी येताना आमसुलांचा डबा घेतला, कारण माहेरच्या वाटेवर रिकाम्या हातानं कसं जायचं. गाडीत काका मागच्या सीटवर बसले.

“काका, नवीन घेता येईल तसला गेम,” नमिता म्हणाली. “सेकंडहँड मिळतात.”

“कोडं त्याच्यात आहे ना.”

“कोडी काय, हजार असतील.”

“आमचं एकच चालू आहे,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “दिवाळीपासून.”

नमितानं आरशातून त्यांच्याकडं पाहिलं. दिवाळी होऊन आंबे येऊन गेले होते. आतापर्यंत त्या डब्याच्या खेपा बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं केल्या होत्या. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, आणि तो बिल्डिंगमध्ये कुणीच विचारत नसे.

वाटेत मनालीचा पुन्हा फोन. “बाबा, आई घरात नाहीये. खाली देवळात गेली असेल. मिळाला का गेम?” “मिळेल,” काका म्हणाले.

जासईच्या अलीकडं ट्रेलर उभे होते. एकामागं एक, हॉर्न मारत. रांग जिथं सुरू होत होती ते नेमकं वामनमामांचं कंटेनर यार्ड निघालं. मामा तिथं गेटवर कामाला. आणि ते गेटबाहेरच उभे होते, खाली मान घालून, त्यांच्या चार बाजूंना चार गार्ड.

“आक्का!” बहिणीला बघताच ते ओरडले. “तू मना सुकट दिलीस का बॉम्ब?”

झालं होतं ते असं. जेवणाच्या सुट्टीत मामांनी भाकरी सोडली, चार जणांना म्हणाले, “या, बहिणीच्या हातची सुकट खा,” आणि झाकण उघडलं. आत नॅपकिन. नॅपकिनात वायर. वायरीच्या वेटोळ्यात काळी बंद पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा. चार्जिंग संपत आलं की तो दिवा लुकलुके. पण हे यार्डात कुणाला ठाऊक? चौघं जण भाकरी टाकून पळाले. पाचवे मामा, ते डबा घेऊनच पळाले आणि त्यामुळे जास्तच गोंधळ झाला. आता डबा यार्डाच्या मधोमध होता. त्याच्याभोवती आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या लाल बादल्यांचं रिंगण. गेट बंद. आतली गाडी आत, बाहेरची बाहेर.

सिक्युरिटीचे मुख्य, सुगत नावाचे एक तरुण गृहस्थ, हातात वॉकीटॉकी घेऊन आले.

“डबा कुणाचा?”

“माझा,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“झाकणावर धनेश-नमिता लिहिलंय.”

“नमिता मी,” नमिता म्हणाली. “पण डबा ह्यांचा.”

“आनि दिला मी,” शेवंताबाई म्हणाल्या.

सुगतनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “आत काय आहे?”

“शब्दकोडं.”

“लाल दिवा कसला?”

“भूक लागलीय त्याला. चार्जिंगची. साहेब, लवकर करा, बंद पडला तर सगळं पुसलं जाईल.”

“मग उघडा. तुम्हीच उघडा. आम्ही इथून बघतो.”

श्यामसुंदरराव रिंगणात गेले. वाकून त्यांनी गेम उचलला, नॅपकिनानं पुसला आणि उघडला. ‘टुंग’ असा आवाज झाला. गार्ड मागं सरकले, एक बादली कलंडली. मग बारीकशी गोड धून सुरू झाली आणि अख्खं यार्ड हळूहळू पुढं आलं.

पडद्यावर कोडं होतं. चौकटी चौकटींचं, जवळजवळ पूर्ण.

“तुमचं आहे तर चालवून दाखवा,” सुगत म्हणाला. “हा आडवा चौदा रिकामा आहे. भरा.” त्यानं वाकून वाचलं. “गाईचं पिल्लू. चार अक्षरं.”

श्यामसुंदररावांनी कंगवा हातात घेतला. घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“काफ!” मागून एक ट्रेलरवाला ओरडला.

“काफ, काफ!” अजून दोघं.

“मना पन येतंय,” वामनमामा म्हणाले.

“मला... आठवत नाही,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“काका, आता सगळे सांगतायत की,” सुगतचा आवाज बदलला. “रोज खेळता म्हणता आणि गाईचं पिल्लू येत नाही? हे काय प्रकरण आहे? मला आता पोलिसांना कळवावं लागेल.”

“अहो काका, भरा ना!” नमिता कळवळली.

“भरलं की संपेल,” ते इतकं हळू म्हणाले की फक्त नमिताला ऐकू आलं.

तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. दिवाळीपासून हा माणूस एक वासरू न लिहिता बसला होता.

“साहेब,” ती सुगतला म्हणाली, “ह्यातले उभे शब्द ह्यांच्या मिसेसचे आहेत. त्यांना विचारा, त्या सांगतील गेम कुणाचा ते.” आणि काका नको नको म्हणत असताना तिनं जयमालाबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडं बराच घरघराट होता.

“हॅलो ताई, मी कंटेनर यार्डातून बोलतोय, सिक्युरिटी,” सुगत म्हणाला. “एक गेम सापडलाय. ह्यातले उभे तुम्ही भरता का?”

“हो, मीच. सापडला का? अहो, कुठं होता? ह्यांना सांगा, काळजीनं—”

“थांबा, खात्री करू द्या. उभा सात काय आहे?”

“छत्री. अम्ब्रेला.”

सुगतनं पडद्यावर बोट ठेवलं. “बरोबर. पण शेवटचं ‘ए’ नाही भरलेलं.”

“हो का? राहिलं असेल.”

“सगळा शब्द लिहिला आणि एकच अक्षर राहिलं?”

“कायमच राहतं तिचं,” श्यामसुंदरराव मध्येच बोलले. “मी किती वेळा सांगितलं, लक्ष कुठं असतं म्हणून. प्रत्येक खेपेला तेवढं एक—”

ते बोलता बोलता थांबले. हातातल्या कंगव्याकडं बघितलं. मग गाईच्या पिल्लाच्या मोकळ्या चौकटींकडं, आणि खाली छत्रीच्या त्या एका भोकाकडं.

आता हॉर्न थांबले होते, कारण हॉर्न मारणारे सगळे उतरून इथं आले होते. गेमची धून तेवढी चालू होती.

“आडवा चौदा भरला का हो तुम्ही?” फोनमधून बाईंनी विचारलं.

“नाही.”

“बरं केलंत.”

घरघराट वाढला. कुणीतरी तिकडं ‘कळंबोलीवाले पुढं या’ म्हणून ओरडलं. नमितानं चमकून फोनकडं पाहिलं; कळंबोली तर इथून जवळच होतं.

“जया,” श्यामसुंदररावांनी विचारलं, “तू आहेस कुठं?”

“बसमध्ये. तुमच्याऐवजी डब्यातून सुकट निघाली, मला काही सुधरेना. पार्थला त्याच्या दुसऱ्या आजीकडं दिलं नि पर्स घेऊन निघाले. मनालीला अजून सांगितलेलं नाही. तिनं विचारलं तर काय सांगू, गेम शोधायला आले म्हणून? सापडला म्हणताय, तर आता कशाला आले म्हणू?”

शेवंताबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. वामनमामांनी आपल्या बाजूच्या गार्डच्या खांद्यावर हात ठेवला. सुगतनं वॉकीटॉकी बंद केला.

“बोला लवकर,” बाई म्हणाल्या. “मला उतरायचंय. परतीची बस समोरच लागते. मनालीला काय सांगू?”

श्यामसुंदररावांनी फोन नमिताच्या हातून घेतला. स्पीकर बंद कसा करायचा ते त्यांना कळत नव्हतं, आणि ह्या वेळी त्यांनी विचारलंही नाही.

“सांग,” ते म्हणाले, “बाबांना एकट्याला करमत नाही. अजिबात करमत नाही. तिला म्हणावं, मी घरी आलेय. राहायला.”