आनंदीबाईंचं ‘बरं आहे’

मोठी माणसं मोठी का होतात, हा प्रश्न मोठ्या माणसांना कधी पडत नाही. त्यांना वेळ नसतो. तो बाकीच्यांना पडतो. पेशवाईच्या ऐन भरात पुण्यातल्या एका कारभाऱ्यांना तो पडला, कारण त्यांचे चिरंजीव श्रीनिवास बावीस वर्षांचे झाले होते आणि दुसरं काहीच झाले नव्हते. बदाम झाले, चार गुरुजी झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी, कर्तबगार माणसं कशाच्या जोरावर वर येतात याची चौकशी करून तेच औषध चिरंजिवांना सरकारी खर्चानं द्यावं, असा हुकूम सुटला. काम आम्हा दिगंबर कारकुनाकडे आलं. (आम्ही त्या वेळी दफ्तरात मोकळे होतो. एरवीही असतो.)

कसबा आणि नारायण पेठेतले एकेचाळीस नामांकित गाठले. पहाटे उठणारे अकरा निघाले, न उठणारेही अकरा. उरलेले म्हणाले, घरात विचारून सांगतो. सगळ्यांत समान गोष्ट एकच सापडली: कसब्यातल्या साठीच्या आनंदीबाई. हौदावरून पाणी आणताना वाटेत थांबून प्रत्येकाचं काम बघायचं, ही त्यांची सवय.

“तलवारीला अशी झिलई दिली होती, पंत, की तिच्यात बघून मिशा विंचराव्यात,” चांद शिकलगार म्हणाले. “बाईंनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, बरं आहे. तेरा वर्षं झाली. अजून घासतोय.”

भैरू तांबटाचं दुखणं त्याहून जुनं. पहिल्या हंड्याला ‘बरं आहे’ मिळालं, तेव्हापासून सव्वीस वर्षं तो हातोडी चालवत होता, ती एकदा ‘छान’ ऐकायला. त्याच्या हंड्यांना साताऱ्याहून मागणी होती. पण सातारकर काय, कशालाही छान म्हणतात.

अहवाल वाचून कारभाऱ्यांनी हिशेब मांडला. नुसत्या ‘बरं आहे’नं एवढं होतं, तर ‘फार छान’नं दुप्पट व्हावं, हा त्यांचा तर्क बिनतोड होता. आनंदीबाईंना शालजोडी, पालखी आणि ‘कौतुककर्त्या, कसबे पेठ’ असा हुद्दा मिळाला. ‘बरं आहे’ उच्चारण्यास सक्त मनाई झाली.

“अहो, कौतुक पोटभर घातलं की माणूस सुस्तावतो,” बाई म्हणाल्या. पण हुकूम तो हुकूम.

भैरूनं नवा हंडा पुढे ठेवला. बाईंनी तो बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “फार छान.” भैरूनं हंडा फडक्यात गुंडाळून आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याची हातोडी थांबली. महिनाभरात एकेचाळीसपैकी सदतीस जण समाधानी झाले. तांबटांची आळी इतकी शांत झाली की शेजाऱ्यांना दुपारची झोप येईना, आणि तशा तक्रारी दफ्तरात दाखल झाल्या. भैरू ओट्यावर बसून रस्ता बघत राही. त्याची भट्टी विझलेली पाहून आम्हा कारकुनालाही वाईट वाटलं.

शेवटी तो तोच हंडा घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

“बाई, परत एकदा बघा. हातोडी उचलवत नाही, आणि हातांना गप बसवत नाही.”

बाईंनी पालखीवाल्या भोयांना लांब उभं राहायला सांगितलं आणि हंडा उन्हात धरला.

“काठाशी एक ठोका चुकलाय,” त्या म्हणाल्या. “बाकी बरं आहे.”

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी आळीत ठोके सुरू झाले आणि हुकूम मोडला म्हणून बाईंची पालखी गेली. (तो हंडा आम्ही पुढे बारकाईनं पाहिला. ठोका कुठेही चुकलेला नाही. हे भैरूच्या कानावर घालू नये.)

चिरंजिवांना ‘फार छान’चा डोस तीनदा देऊन झाला होता. फरक पडला नाही. घरी त्यांना जन्मापासून तेच दोन वेळा मिळत होतं. ‘बरं आहे’ द्यायला आईसाहेबांनी मनाई केली.

वाचकहो, तुम्हाला शेवटचं ‘छान’ कोणी म्हटलं, ते जरा आठवून पाहा. आठवत असेल, तर तुमचं आजवर काही का झालं नाही, ते कळलं. आठवत नसेल, तर मात्र कारण दुसरंच काहीतरी असणार, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.