सोमाजी प्रॉम्प्टरची डावी बाजू

सोमाजीभाऊ आमच्या मंडळाचे प्रॉम्प्टर. पण जिथं कोणीच उभं नाही, तिकडे बघून ते वाक्यं सांगत.

स्वराज्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. गोंदियाच्या त्या जुन्या मोहल्ल्यात मी मास्तर म्हणून नवाच आलो होतो. मोहल्ल्याचं नाटक मंडळ धानाच्या गोदामात तालमी करी. मंचापुढच्या खड्ड्यात सोमाजीभाऊ वही घेऊन बसत. जन्मभर कुजबुजून इतकी सवय जडलेली, की बाजारातही ते कुजबुजतच भाजी मागत. भाजीवाली ओरडायची, "भाऊ, वांगे काही चोरीचे नाई, जोरानं बोला!"

नाटकातल्या बहिणीचं काम त्यांचा धाकटा भाऊ गणपत करायचा. तो वारला आणि लुगडं माझ्या अंगावर आलं. माझं वाक्य आलं की सोमाजीभाऊ मान डावीकडे वळवत, मंचाच्या रिकाम्या फळीला वाक्य सांगत, कोणी ते म्हणून संपवेल इतका वेळ थांबत आणि खूश होऊन मान डोलवत. मी उजवीकडे तोंडाचा आ करून उभा! आमचा राजा एरवी शत्रूची मुंडकी उडवायचा, पण सिंहासनाकडे जाताना त्या फळीला वळसा घालायचा.

"भाऊ, मी इकडे आहो! तिकडे काऊन सांगता?"

"मास्तर, तुमाले लिहता-वाचता येते, तुम्ही पाठ करान. त्याले नाई सांगतलं तं तो उभाच राहते बिचारा."

तो म्हणजे गणपत, हे कळताच मी त्या फळीपासून दोन पावलं मागं सरकलो. मंडळाच्या अध्यक्षांनी बजावलं, "खेळात असं झालं तं सोमाजीले खड्ड्यातून कायमचा काढतो."

मग पेटीवाल्यानं मला खरं काय ते सांगितलं. भावाभावांत भांडण झालं होतं. रागाच्या भरात सोमाजीभाऊंनी भर खेळात गणपतला वाक्य दिलंच नाही. तो मुका उभा राहिला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आठ दिवसांत तो तापानं गेला. तोवर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

खेळाला लोक बैलबंड्या जुंपून आले. माझं वाक्य आलं आणि माझं डोकं कोरं झालं. सोमाजीभाऊंची मान डावीकडे वळली. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? तरी दोन पावलं सरकून त्या फळीवर उभा राहिलो. पौषाच्या थंडीत ती पायांना कोमट लागली.

खालून वाक्य आलं, मी म्हटलं. दुसरं आलं, तेही म्हटलं. तिसरं मात्र वहीतलं नव्हतं.

"गणपत, माहं चुकलं रे."

याचं उत्तर मला कोण सांगणार? गणपतला तर मी कधी पाहिलंही नव्हतं.

"जाऊ दे ना दादा," माझ्या तोंडून निघालं, "पुढचं सांग."

लोकांना ते नाटकातलंच वाटलं. खड्ड्यात सोमाजीभाऊ तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबून रडत होते, वर आवाज जाऊ नये म्हणून.